अलीकडे खेळलेला कुठला गेम डोक्यातनं जात नाहीये?

रातकिडा: मी परवा आउटर वाइल्ड्स संपवला, २०१९ चा आहे, पण काय गेम आहे राव! दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून, नवं हत्यार नाही, लेव्हल नाही, तुम्हाला जे कळलंय तेवढंच पुढच्या फेरीत सोबत येतं. शेवटचं ते संगीत सुरू झालं की मी सगळं सोडून नुसता आकाशाकडे बघत बसायचो. तुम्ही काय खेळताय?

भिंगरी: मग ओब्रा डिन खेळच. जहाजावरची ६० माणसं, कोण कसं गेलं ते आपण शोधायचं. मी एका खलाशाला त्याच्या झोपायच्या झोळीवरच्या नंबरावरून ओळखलं, जहाजावरच्या माणसांच्या यादीशी ताडून, आणि खुर्चीतनं उठून ओरडलेच. तीन जणांचं बरोबर आलं की मगच गेम पक्कं करतो, त्यामुळे अंदाजपंचे फार चालत नाही.

गारवा: मला सेलेस्ट. अवघड आहे, पण मेलं की क्षणात त्याच स्क्रीनच्या सुरुवातीला परत, त्यामुळे चिडायला वेळच मिळत नाही. आणि असिस्ट मोड, म्हणजे गेम सोपा करायची सोय, बिनधास्त लावा, त्यात कमीपणा काही नाही.

रातकिडा: भिंगरी, आज रात्रीच ओब्रा डिन सुरू करतो, पुढचं काही सांगू नकोस प्लीज.