बॅलेचं रेकॉर्डिंग पाहून नर्तिकांना गुण द्यावेत का?

तिसरी घंटा

‘ला बायादेर’मधला ‘छायांचं राज्य’ हा प्रवेश दोन-तीन रेकॉर्डिंगांमधून काढायचा, शेजारी शेजारी लावायचा आणि ‘या कंपनीची रांग एकसंध, त्या कंपनीची ढिसाळ’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं, हे आता नेहमीचं झालं आहे. माझं मत स्पष्ट आहे. असे निकाल बहुतेक वेळा नर्तिकांचे नसतात, कॅमेऱ्याचे आणि संकलकाचे असतात.

प्रवेश माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मारियुस पेतिपाने १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये मिंकुसच्या संगीतावर हा बॅले बसवला. कथा काल्पनिक हिंदुस्थानातली, नायिका निकिया ही देवळातली नर्तकी. ती मेल्यावर तिचा प्रियकर सोलोर अफूच्या धुंदीत तिला शोधतो, आणि मागच्या उतरणीवरून पांढऱ्या वेशातल्या छाया एकामागून एक खाली येतात. प्रत्येकीची हालचाल तीच. एक पाऊल पुढे टाकून त्या पायाचा गुडघा वाकवायचा आणि दुसरा पाय मागे उचलून आराबेस्क घ्यायचा. मग वजन मागच्या पायावर घेऊन पुढचा पाय ताणायचा, हात डोक्यावर नेत कंबरेतून मागे झुकायचं. मग दोन पावलं चालायचं आणि पुन्हा तेच. नुरेयेव्हने १९९२ मध्ये पॅरिस ऑपेरासाठी बसवलेल्या आवृत्तीत छाया ३२ आहेत, माकारोव्हाच्या आवृत्तीत २४.

एकदा करायला यात अवघड काही नाही. अवघड आहे ते वाकलेल्या गुडघ्यावर, उतरत्या फळीवर, परत परत करणं. ३२ जणींच्या रांगेत पहिली नर्तिका तीच ओळ तिसाहून जास्त वेळा करते, शेवटचीला मोजक्याच वेळा करावी लागते. शेवटी शेवटी पहिलीचा घोटा थरथरला तर तो पोटरीचा थकवा असतो. शेवटची पहिल्याच आराबेस्कला हलली तर तिचं वजन चुकीच्या जागी पडलेलं असतं. दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही, आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठली नर्तिका कितवी हे दोन कट झाले की कळेनासं होतं. मधेच सोलोरचा चेहरा दाखवला, परत आलो तोवर सहा जणी वाढलेल्या. रांगेतलं अंतर त्या वेळात बिघडलं की सुधारलं, हे कोण सांगणार?

चौकट पंचवीस

असहमत. नाट्यगृहात तुम्हाला एक खुर्ची, एक कोन आणि एकच संधी मिळते. बाकी सगळं आठवणीच्या भरवशावर. रेकॉर्डिंग थांबवता येतं, मागे नेता येतं, दुसऱ्याला दाखवून वाद मिटवता येतो.

‘स्वान लेक’च्या तिसऱ्या अंकातली ओदीलची, म्हणजे काळ्या हंसाची, फुएते घ्या: एका पायावर उभं राहून दुसरा पाय झटक्याने बाजूला फेकत जागेवरच घेतलेल्या गिरक्या. १८९५ च्या पेतिपा-इवानोव्ह आवृत्तीत पिएरिना लेन्यानीने ३२ घेतली, तेव्हापासून प्रत्येकीकडून तीच अपेक्षा. खुर्चीतून दिसतं ते इतकंच की ती फिरली, जागेवर राहिली, टाळ्या पडल्या. रेकॉर्डिंगवर मी चार गोष्टी बघतो. एक, दर फेरीला टाच खाली येते तेव्हा पाऊल त्याच ठिकाणी पडतं की सरकतं. दोन, बाजूला फेकलेल्या पायाची मांडी विसाव्या फेरीनंतर कितपत खाली आली. तीन, तो पाय बाजूला थांबतो की खांद्याच्या रेषेच्या मागे जातो. मागे गेला की कंबर ओढली जाते, आणि जागा सुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. चार, हात. पायातला जोर संपला की हात पंप मारल्यासारखे हलायला लागतात. यातली तिसरी गोष्ट नुसत्या डोळ्यांनी पकडणं जवळजवळ अशक्य आहे.

उडी तर सरळ मोजताच येते. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) असतील आणि पाय जमिनीपासून १५ चौकटी सुटलेले असतील, तर ०.६ सेकंद. गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने ती उडी सुमारे ४४ सेंटिमीटरची. ‘हवेत तरंगतो’ असल्या विशेषणांपेक्षा हा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो.

अर्धमात्रा

१५ चौकटींचा तो हिशोब एवढ्या विश्वासाने मांडू नका. पाय नेमका कोणत्या चौकटीत सुटला आणि कोणत्या चौकटीत टेकला, यात एका चौकटीची चूक सहज होते. १४ धरल्या तर उडी साडेअडतीस सेंटिमीटरची, १६ धरल्या तर पन्नासची! एवढ्या फरकात दोन नर्तकांचा क्रम उलटतो.

शिवाय मूळ चित्रीकरण फिल्मवर असेल तर ते बहुधा सेकंदाला २४ चौकटींनी झालेलं असतं. युरोपातल्या दूरचित्रवाणीसाठी आणि डीव्हीडीसाठी ते २५ ने चालवत. म्हणजे वेग ४ टक्क्यांनी जास्त. १०० मिनिटांचा बॅले ९६ मिनिटांत संपतो. उड्या चपळ दिसतात, अडाजिओ, म्हणजे संथ भाग, घाईचा वाटतो, आणि दोष बिचाऱ्या कंडक्टरच्या माथी. हे ओळखायला कान पुरतो. ४४० हर्ट्झचा स्वर ४५८ च्या आसपास ऐकू येतो, जवळपास पाऊण अर्धस्वर चढा. काही प्रतींमध्ये स्वर परत खाली आणून बसवलेला असतो, तिथे कान फसतो. मग त्याच चित्रीकरणाच्या दुसऱ्या प्रतीशी एकूण वेळ ताडून बघावी.

यापेक्षा मोठी गडबड म्हणजे आवाज आणि चित्र यांचा मेळ. दोन चौकटींचा फरक म्हणजे ८० मिलिसेकंद. तबल्याची साथ ऐकणाऱ्याला ८० मिलिसेकंद म्हणजे काय ते सांगायला नको. सम गेलीच. नर्तिका बरोबर ठोक्यावर उभी राहिलेली असते आणि आपण लिहितो, ‘लयीला कच्ची’. कानात ब्लूटूथचा हेडफोन असेल तर उशीर आणखी वाढू शकतो. म्हणून आधी एखादी जोरदार उडी शोधा आणि पाय टेकताना दिसणं व बुटाचा ठोका ऐकू येणं एकाच क्षणी होतंय का ते तपासा. ते जुळेपर्यंत कुणाच्याही लयीबद्दल बोलू नये.

त्या ठोक्यावरून ‘उतरताना आवाज फार करते’ असाही शेरा मारू नये. माईक रंगमंचाच्या कडेला, जमिनीलगत असेल तर पॉइंट शूजच्या कडक टोकाचा जो आवाज तो टिपतो, तो बाराव्या रांगेत पोचतही नाही.

चौकट पंचवीस

एका चौकटीच्या चुकीचा मुद्दा मान्य. पण जुनं युरोपीय व्हिडिओ चित्रीकरण सेकंदाला ५० अर्ध-चौकटींचं असतं. दोन अर्ध-चौकटी नीट सुट्या केल्या तर चूक निम्म्यावर येते. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींमध्ये त्या एकत्र कालवलेल्या असतात आणि घोट्याजवळ कंगव्यासारख्या रेघा दिसतात. तसली प्रत मोजायला घेऊच नये. माप अवघड आहे म्हणून मापच नको, हा निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

तिसरी घंटा, तुमचाच प्रवेश तुमच्या विरोधात जातो. उतरणीवरून येणाऱ्या छाया प्रेक्षकांना कडेने दिसतात. आराबेस्कचा कोन मोजायला तीच सर्वांत चांगली बाजू.

उतार

कोनाबद्दल बरोबर, पण फक्त कडेने दिसतं तोवरच. पाय कॅमेऱ्यापासून लांब जाणाऱ्या दिशेला गेला की सज्जातल्या उंच कॅमेऱ्याला तो आहे त्यापेक्षा उंच दिसतो, आणि कमरेच्या खाली ठेवलेल्या कॅमेऱ्याला उतरलेला. त्याच नर्तिकेचा तोच आराबेस्क, दोन कॅमेरे, दोन निकाल.

फुएतेत ‘जागा सोडली’ या दोषाबद्दल मात्र माझी हरकत आहे. पॅरिसच्या पॅले गार्निए या ऑपेरागृहाचा रंगमंच प्रेक्षकांच्या दिशेने ५ टक्के उतरता आहे. मागून पुढे १० मीटर आलात तर ५० सेंटिमीटर खाली येता. अशा फळीवर दर फेरीला टाच टेकते तेव्हा शरीर पुढे ओढलं जातं आणि वजन सतत किंचित मागे धरावं लागतं. सपाट रंगमंचावर तालीम केलेली नर्तिका इथे पाहुणी म्हणून आली की पहिल्या दहा फेऱ्यांत पुढे सरकते. समोरच्या कॅमेऱ्यात हा उतार अजिबात दिसत नाही. म्हणून सरळ पुढे सरकणं आणि तिरकं भरकटणं यांना वेगळे गुण द्यावेत. सरळ पुढे येणारीचा अक्ष शाबूत असतो. तिरकी जाणारीचा सुटलेला असतो, आणि तो दोष खरा.

पायाबद्दलही जपून. वागानोव्हा या रशियन शिक्षणपद्धतीत पाय थेट बाजूला उघडतात, चेकेत्ती या इटालियन पद्धतीत आधी पुढे ताणून मग बाजूला नेतात. चेकेत्तीवाल्या नर्तिकेचा पाय पुढे दिसला म्हणून ‘उशिरा उघडते’ म्हणणं चुकीचं.

राहिला ३२ चा आकडा. बोल्शोईची नर्तिका माया प्लिसेत्स्काया त्या जागी फुएते न घेता रंगमंचाला वेगवान गिरक्यांची फेरी मारत असे. आकडा शून्य, आणि ओदील म्हणून तिच्या तोडीच्या किती सांगाल?

जुनी रीळ

काळाचं काय करायचं? रशियन नर्तिका गालिना उलानोव्हाची ‘जिझेल’ १९५६ मध्ये मॉस्कोचं बोल्शोई बॅले लंडनला आलं तेव्हा कॉव्हेंट गार्डनमध्ये चित्रित झाली. तेव्हा ती ४६ वर्षांची होती. आजच्या नजरेला तिचा आराबेस्क बुटका वाटतो. पाय कानाशी नेण्याची सवय आपल्या डोळ्यांना फ्रेंच नर्तिका सिल्वी गिलेमनंतर, म्हणजे १९८० च्या दशकानंतर लागली. उलानोव्हाच्या काळी पाय नव्वद अंशांच्या फार वर नेणं अभिरुचीला सोडून समजलं जाई. तिथे कोनमापक लावणं म्हणजे तिने न लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेत तिला नापास करणं. तिच्यात पाहायचं ते दुसऱ्या अंकातलं वरचं अंग: मान, खांदे आणि पाठ पायाच्या आधी निघतात की नंतर. तिच्या बाबतीत श्वास आधी, मग पाठ, आणि पाय सगळ्यात शेवटी.

चौकट पंचवीस

उंचीला काळाची सूट द्या. टर्नआउटला आणि गुडघ्याला देऊ नका. आधाराच्या पायाचा गुडघा ताणलेला असावा आणि मांडी कंबरेतून बाहेर वळलेली असावी, हे १९५६ मध्येही शिकवत होते आणि आजही शिकवतात. ‘तो काळच वेगळा’ म्हणत सगळंच माफ केलं तर जुन्या रेकॉर्डिंगांची फक्त पूजा होईल, पारख व्हायची नाही. उलानोव्हाचा घोटा त्या चित्रीकरणात कुठे कुठे डगमगतो ते लिहावं, आणि त्याच परिच्छेदात तिची पाठही लिहावी.

तिसरी घंटा

इतकं वाचल्यावर माझी मूळ भूमिका थोडी आवरती घेते. एका नर्तिकेचं, न कापलेलं, डोक्यापासून पायापर्यंत दिसणारं दृश्य असेल तर रेकॉर्डिंग खुर्चीपेक्षा सरस, हे मान्य.

‘स्लीपिंग ब्यूटी’मधल्या रोझ अडाजिओवर ते लगेच पटतं. ऑरोरा एका पायाच्या टोकावर उभी, दुसरा पाय मागे वाकवून ॲटिट्यूडमध्ये. राजपुत्र तिचा हात धरून तिच्याभोवती चालतो आणि तिला गोल फिरवतो. मग ती हात सोडून तो डोक्यावर नेते आणि पुढच्या राजपुत्राच्या हातात देते. असे चार. ती किती सेकंद एकटी उभी राहिली एवढंच सगळे मोजतात. मोजायची गोष्ट आधीची आहे. राजपुत्राचं वर्तुळ लहान-मोठं झालं तर तो तिला अक्षावरून ओढतो किंवा ढकलतो. ती तळहात दाबून तोल सावरते, कोपर वाकतं, आणि सुटल्यावर डगमगते. गुण तिचे कापले जातात, चूक त्याच्या पावलांची. हे कळायला चित्रात तिचा घोटा हवा आणि त्याचे बूटही हवेत. पण नेमकं इथेच दिग्दर्शकाला तिचं हसू जवळून दाखवायचा मोह होतो. कंबरेच्या वरचं दृश्य आलं की त्या तोलाला गुण द्यायचेच नाहीत, रकाना कोरा ठेवायचा.

आणि एक. पुष्कळ रेकॉर्डिंगं दोन किंवा जास्त प्रयोगांतून जोडलेली असतात. तयारीची पोझ आणि गिरकी यांच्यामध्ये कट असेल तर दोन्ही एकाच रात्रीच्या आहेत असं गृहीत धरू नये. केसांची सुटलेली बट, पाठीवरचा घाम, रिबिनीची गाठ हे कटच्या आधी आणि नंतर जुळवून पाहावं.

रांगेबाबत मात्र मी हटत नाही.

चौकट पंचवीस

कोऱ्या रकान्याची कल्पना चांगली आहे, मी ती उचलतो. पण मग रांगेलाही तीच लावा ना. ‘छायांचं राज्य’ सुरू झालं की कागदावर प्रत्येक दृश्याची वेळ आणि चौकटीत पूर्ण दिसणाऱ्या जणींची संख्या लिहायची. पॅरिसचं रेकॉर्डिंग असेल तर सगळ्या ३२ जणी दिसणारी दृश्यं तेवढी वेगळी काढायची. त्यांत तीनच गोष्टी बघायच्या. दोघींमधलं अंतर शेजारच्या जोडीइतकंच आहे का, मागचा पाय सगळ्यांचा एकाच वेळी उतरतो का, आणि मागे झुकताना हातांची वर्तुळं एकाच उंचीवर आहेत का.

तिसरी घंटा

आणि अशी दृश्यं दोनच निघाली तर?

चौकट पंचवीस

तर त्या दोन दृश्यांपुरतेच गुण. उतरणीबद्दल काही लिहायचं नाही.

उतार

त्यात एक भर. ३२ जणी मावाव्यात म्हणून चित्रण लांबून, लांब पल्ल्याच्या (टेलिफोटो) भिंगाने घेतलेलं असलं तर मागच्या-पुढच्या ओळी एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. तिथे आडवं अंतर तपासा, खोलीतलं सोडून द्या.