समुद्रकाठी एकटं, काही न ठरवता : तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकटी फिरायला गेले. गजबजलेलं समुद्रकाठचं गाव, चार दिवस, आणि वहीत तासातासाचा आराखडा. पहिल्या सकाळी अकरा वाजता खडकांमधली डबकी बघायला पोचले, तर खडकच दिसेनात. भरती होती. आता काय करायचं म्हणून हळहळत बसले. थोड्या अंतरावर सातआठ जण पाण्यातून जाळं ओढत होते. मी जवळ जाऊन खुणेनंच विचारलं, हात लावू का? एकानं सरकून दोरावर जागा करून दिली. दोर ओला, खरखरीत, आणि सगळ्यांनी एका दमात ओढला तरच हलणारा. तासाभरानं तळहात लाल झाले होते आणि आराखड्यातली पुढची दोन ठिकाणं राहून गेली होती. त्या ठिकाणांची नावं आता आठवत नाहीत. दोराचा वास मात्र आठवतो.

म्हणून हा धागा काढतेय. एकटे असताना, न ठरवता काही घडलं असेल तर लिहा. 'खूप मजा आली' एवढ्यावर थांबू नका. काय दिसलं, कोण भेटलं, कशाला हो म्हणालात आणि कशाला नाही, तेही सांगा. फसलेलं असेल तर तेही हवंय.

*

मी सुरुवात करते. संध्याकाळी वाळूत व्हॉलीबॉल चालू होता आणि मी लांबून बघत उभी होते. चेंडू माझ्याकडे आला, मी परत टाकला, तर तिकडून एक मुलगी ओरडली आणि बोटानं दाखवलं, एक जण कमी आहे. त्यांची भाषा मला येत नव्हती. गुण बोटांवर मोजले, सर्व्हिस कुणाची ते भुवयांनी ठरलं. अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळलो.

एकटं असण्याचा हा फायदा मला तिथे कळला. मैत्रिणींबरोबर असते तर आम्ही आमच्यातच बोलत पुढे गेलो असतो. आपण एकटे असलो की समोरच्याला आपल्याला बोलावणं सोपं जातं.

नंतर ते सगळे कुणाच्या तरी घरी निघाले आणि मलाही चल म्हणाले. मी नाही म्हटलं. माणसं चांगली होती, पण मुक्काम कुठे आहे, परतीचा रस्ता कसा आहे, काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत भेटलो, खेळलो. ताईला रोज रात्री नऊला मेसेज करायचा एवढं एकच मी निघताना ठरवून घेतलं होतं आणि ते चारही दिवस पाळलं. ते पाळलं म्हणून बाकी सगळं मोकळं सोडता आलं.

*

आमच्याकडे रात्री साडेनऊला अख्ख्या किनाऱ्याची वीज गेली. गाणी बंद, दिव्यांच्या माळा बंद. लोक कुरकुरत आत गेले. मी खोलीवर जाणार होतो, पण पाय तसेच पाण्याकडे वळले. अमावास्या जवळ होती, मिट्ट काळोख. लाट फुटली आणि तिच्या कडेनं निळी रेघ पेटत गेली. ओल्या वाळूत पाऊल टाकलं की पावलाभोवती ठिणग्या. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळले गेले की चमकतात, हे वाचलेलं होतं. पण आपल्याच पायाखाली ते होताना बघणं फार वेगळं. तीन रात्री मी त्याच किनाऱ्यावर बसत होतो. कदाचित तेव्हाही ते असेल, दिव्यांच्या झगमगाटात दिसलं नसेल. पाऊण तासानं वीज आली. गाणी सुरू झाली आणि समुद्र पुन्हा नुसता काळा.

*

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सहाव्या दिवसापर्यंत मनात येईल ते करायची सवय लागली होती. दुपारी चालता चालता एक जागा दिसली. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधला पट्टा मात्र सपाट, शांत. पोहायला हीच जागा चांगली असं वाटलं आणि शिरलो. आसपास कुणी नव्हतं, याचंही छानच वाटलं.

ती जागा शांत होती कारण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात होतं. रिप करंट. दोन मिनिटांत पाय टेकेनासे झाले. किनाऱ्याकडे जीव खाऊन पोहलो आणि किनारा लांबच जात राहिला. नंतर वाचलं की हा ओढा कधी कधी सेकंदाला अडीच मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध जाता येत नाही. दम संपल्यावर पाठीवर तरंगलो आणि एक हात वर केला. हे शहाणपणानं केलं नाही, दुसरं काही उरलंच नव्हतं. पण तेच बरोबर होतं. हा ओढा माणसाला आत नेतो, खाली खेचत नाही. जीवरक्षकानं लांबून पाहिलं, फळी घेऊन आला आणि मला आधी किनाऱ्याला समांतर, बाजूला नेलं. ओढ्याचा पट्टा संपल्यावर लाटांनीच आम्हाला बाहेर आणलं.

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा तो सांभाळत होता. मी त्या झेंड्यांपासून बराच लांब होतो. त्याच्याशी नंतर बोललो तेव्हा तो रागावला नाही, फक्त म्हणाला, एकटा आहेस ना, मग तू आत गेलास हे कुणाला कळणार? हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी अजूनही एकटा जातो आणि काही न ठरवताच जातो. पाण्यात मात्र झेंड्यांच्या मध्येच.

*

माझं छोटंसं. सगळे सांगत होते बाहेर पड, लोकांत मिसळ, एकदा तर होडीत जाऊन ये. तिसऱ्या दिवशी मी होडीचं रद्द केलं आणि दिवसभर झाडाखाली वाचत, झोपत पडून राहिले. ऐन वेळी हे ठरवणंही उत्स्फूर्तच, असं मला वाटतं.

*

वय ६३. हे गाव आम्ही दोघांनी बघायचं ठरवलं होतं. हे गेले, त्यानंतर दोन वर्षांनी मी एकटी गेले. मुलानं गाडी, माणूस, सगळं ठरवून द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, नको रे, मला एकदा न ठरवता जाऊ दे. ह्यांनी प्रत्येक प्रवास कागदावर काढला होता. त्या कागदाशिवाय मला जमतं का, बघायचं होतं.

रात्री गजबजणारं गाव पहाटे पूर्ण वेगळं असतं. झाडू मारणारे, होड्या लावणारे आणि मी. पहाटे माझा पदर समुद्राकडे उडायचा आणि दुपारी तोच गावाकडे. जमीन रात्री लवकर गार होते आणि दिवसा लवकर तापते, म्हणून वारा असा उलटतो. शाळेत मुलांना तीस वर्षं हे शिकवलं, फळ्यावर बाण काढून. स्वतःच्या पदरावर पहिल्यांदाच पाहिलं.

जाळं विणत बसलेल्या एका बाईंच्या शेजारी टेकले. त्यांनी न विचारता माझ्या हातात सुई आणि सुतळी दिली. चार सकाळी मी तिथेच बसले. गाठ जमली तिसऱ्या दिवशी. ह्यांच्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही मला काही विचारलं नाही. निघताना त्यांनी हातभर विणलेला तुकडा कापून दिला. खिडकीत लावलाय.

*

काकू, तुमचं वाचून डोळे भरून आले.

माझी गोष्ट ओहोटीची. एक घोळका डोंगराच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या लहान किनाऱ्यावर चालला होता, मीही मागे गेलो. उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी खूप आत गेलेलं, रस्त्यासारखी वाळू. शिंपले वेचणाऱ्या एका आजींनी मला एकट्यालाच थांबवून समुद्राकडे बोट केलं. "पाणी फिरलंय," एवढंच. उधाणाला पाणी जितकं आत जातं तितकंच वरही चढतं, आणि भरतीच्या सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत सगळ्यात भराभर चढतं. मी पुढच्यांना हाका मारल्या. चौघे परतले, दोघे पुढे गेले. त्या दोघांना संध्याकाळी होडी घालून आणावं लागलं. मी तोवर आजींबरोबर शिंपले वेचत होतो.

*

धागा काढणारी मीच. आत्ता पुन्हा त्याच गावात आहे, काल रात्री आले. या वेळी वहीत एकच ओळ आहे : ओहोटी सकाळी ६.४०. उद्या ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकेल. डबकी आज बघून झाली. एकात बोटभर खेकडा होता, माझी सावली पडली की दगडाखाली जायचा आणि सरकली की बाहेर यायचा. जाळं ओढणारे अजून आलेले नाहीत. मी दोराच्या जागी बसून लिहितेय. तुमचं येऊ द्या.