प्लगइन मेलेला नाही, रुसलाय!

सातपूरच्या कारखान्यातला सर्व्हर रात्री देखभालीसाठी बंद असतो, मग पहाटे चालू होऊनही कलेक्टडी या आकडे गोळा करणाऱ्या प्रोग्राममधल्या जावा प्लगइनचा आलेख दुपारपर्यंत कोराच राहतो, अशी तक्रार एकाने मांडलीय. अहो, प्लगइन मेलेला नसतो. कलेक्टडीच्या लॉगमध्ये 'विल सस्पेंड इट फॉर' (इतका वेळ थांबवतोय) अशी ओळ शोधा. रीड कॉलबॅकने, म्हणजे प्लगइनच्या आकडे वाचणाऱ्या फंक्शनने, शून्य (म्हणजे 'सगळं ठीक') सोडून काहीही परत दिलं की कलेक्टडी पुढच्या वाचनाआधीची वाट दुप्पट करतो: 10 सेकंदांवरून 20, मग 40, असं थेट 86400 पर्यंत. म्हणजे अख्खा दिवस! सर्व्हर जितका वेळ बंद, जवळपास तितकंच नंतरही ताटकळावं लागू शकतं. या वाटेची कमाल मर्यादा ठरवणारं मॅक्सरीडइंटरव्हल 60 सेकंद ठेवा, आमच्या अंबडच्या मशीनवर तेच आहे. प्लगइनमध्येच अपवाद पकडून शून्य परत देणारेही असतात. मला ते पटत नाही, बिघाड झाकला जातो. बाकी कॉन्फिगमधल्या जावा प्लगइनच्या ब्लॉकमध्ये जेव्हीएमआर्गच्या (जावा यंत्रणेला द्यायच्या सूचनांच्या) ओळी लोडप्लगइनसकट इतर सगळ्या ओळींच्या वरच हव्यात, हेही एकदा बघून घ्या.