मदत हवी आहे: परसात येणाऱ्या खोकडांचे फोटो, उजेड काही पुरत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या परसाच्या टोकाला जुन्या लाकडांचा ढीग आहे. त्याखाली यंदा खोकडाची मादी व्याली. दिवसभर तिकडे सामसूम असते. दिवस मावळला की कुंपणाच्या फटीतून आधी दोन कान आत येतात, ते चहूकडे वळून खात्री करून घेतात आणि मग मागून बाकीचं खोकड येतं. पिल्लं आता ढिगाबाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढू लागली आहेत. म्हणजे विषय घरबसल्या मिळालाय, फोटो मात्र मिळत नाहीत.

कॅमेरा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा साधा मिररलेस आहे, लेन्स ७०-३०० मिमी, एफ/४.५-५.६ (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत). खोकडं यायच्या वेळी ३०० मिमीला, एफ/५.६ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ठेवून शटर १/६० सेकंदापेक्षा वेगवान होत नाही. लेन्सला स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) आहे, त्यामुळे लाकडं अगदी रेखीव येतात आणि त्यांच्यापुढे एक तपकिरी फराटा येतो. खिडकीच्या काचेतून काढलं तर कडा दुहेरी दिसतात. कुंपणापाशी ट्रॅप कॅमेरा (जनावर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावलाय, त्यात निव्वळ शेपट्यांचा संग्रह झालाय.

फ्लॅश वापरायचा नाही, खायला घालायचं नाही आणि ढिगाजवळ जायचं नाही, एवढं घरात ठरलेलं आहे. त्यात बसेल असं काही सुचवा. जाणकारांनी प्रकाश टाकावा (फ्लॅशचा सोडून).

प्रतिसाद १

आयएसओला एवढं घाबरू नका, ६४०० किंवा त्याहून वर जाऊ द्या. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. आयएसओ कमी ठेवून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर तो उजळवायचा, यात दाणे कमी होण्याऐवजी बहुधा वाढतातच. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, खोकडाचे पाय नाही. उभ्या खोकडाला १/२५० पुरेल, चालत्याला १/५०० धरा. पिल्लांची मस्ती टिपायची तर १/१००० लागेल. त्या उजेडात तो नाद सोडा आणि थांबण्याचे क्षण पकडा. चालता चालता ते कान टवकारून क्षणभर गोठतं. तेवढ्यात चार-पाच फोटोंचा बर्स्ट मारला तर एखादा हमखास नीट निघतो.

प्रतिसाद २

लेन्स बदला, पण महागडी नको. ५० मिमी एफ/१.८ असेल तर पाहा. एफ/५.६ च्या तुलनेत ती साधारण दहापट उजेड आत घेते, म्हणजे तुमचं १/६० त्याच आयएसओला थेट १/५०० होतं. एवढ्या लहान लेन्सने घरातून खोकड ठिपक्याएवढं दिसेल हे खरं. म्हणून कॅमेराच त्यांच्या वाटेजवळ, ढिगापासून लांब, जमिनीलगत बीनबॅगवर (दाणे भरलेल्या छोट्या पिशवीवर) ठेवा आणि आपण घरात बसून मोबाइलच्या अ‍ॅपवरून शटर दाबा. भर दुपारी ठेवून या, ती यायच्या वेळी तिकडे फिरकू नका. सुरुवातीला कॅमेरा बंदच राहू दे, ती हुंगून सोडून देतील.

जमिनीलगत ठेवल्याचा आणखी एक फायदा आहे. खिडकीतून काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि गवत येतं, खालून काढलं की डोळ्याला डोळा भिडतो आणि मागची पार्श्वभूमीही विरघळते.

सायलेंट मोड (आवाज न करता फोटो काढणारा) चालू करा. फक्त परसात एलईडी दिवा असेल तर त्या मोडमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात, ते आधी तपासा.

प्रतिसाद ३

दुहेरी कडा म्हणजे खिडकीची काच दुपदरी असणार, किंवा तुम्ही तिरके काढताय. लेन्स काचेला काटकोनात, रबरी हूड (लेन्सपुढची झालर) टेकवून धरा आणि खोलीतले दिवे घालवा. त्यापेक्षा खिडकी संध्याकाळी आधीच उघडून ठेवलेली बरी. खोकडं आल्यावर उघडलीत की आवाजाने पसार.

प्रतिसाद ४

एवढी कसरत कशाला? रोज ठरावीक जागी थोडं मांस टाका, आपोआप समोर येऊन बसतील. सगळे असंच करतात.

प्रतिसाद ५

सगळे करत असतील, तरी करू नका. माणसाची भीती गेलेलं खोकड उद्या दुसऱ्याच्या दारात जातं आणि तिथे त्याचं स्वागत दगडाने होतं. एका जागी खायला टाकलं की चार-सहा जनावरं एकत्र येतात आणि खरजेसारखे रोग एकमेकांना देतात. शिवाय तोंड खाली घालून चघळणाऱ्या खोकडाचा फोटो कुणाला हवाय?

आता शेपट्यांबद्दल. ट्रॅप कॅमेऱ्याचा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. आडवं जाणारं जनावर त्याला चटकन कळतं, पण शटर उघडेपर्यंत ते पुढे निघून गेलेलं असतं. कॅमेरा वाटेला ४५ अंशांत वळवा, म्हणजे सेन्सरलाही कळेल आणि तोंडही चौकटीत राहील. उंची गुडघ्याएवढी ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे ती जिथे मुळात थांबतात तिथे लावा. खोकडं हद्द सांगायला विष्ठा उठून दिसणाऱ्या दगडावर नाहीतर गवताच्या झुपक्यावर टाकतात. तो दगड सापडला की काम झालं. ट्रॅप कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे ८५० नॅनोमीटरचे असतील तर अंधारात मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत पण त्यांचा पल्ला कमी असतो.

ढिगाजवळ न जाण्याचा नियम मात्र पाळाच. मादीला धोका वाटला तर ती एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते. फोटो टाकताना त्यातलं जीपीएसचं ठिकाणही पुसून टाका.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ५० मिमीची युक्ती भलतीच लागू पडली. शटर आता १/४०० ते १/५०० मिळतं. ट्रॅप कॅमेरा वळवल्यापासून तोंडंही यायला लागली. काल मादी तोंडात आडवा उंदीर धरून आली, मिशांसकट दिसतेय. पण फोकस तिच्यावर नाही, पुढच्या गवताच्या पात्यावर! एफ/१.८ ला पर्यायच नाही, मग काय करू?

प्रतिसाद २

ऑटोफोकस बंद. दिवसा वाटेवर, ती थांबतात त्या जागी एक काठी उभी करा, तिच्यावर मॅन्युअल फोकस लावा, रिंगला चिकटपट्टी मारा आणि काठी काढून घ्या. एफ/२.८ वर आलात तर फोकसमध्ये येणारी खोली थोडी वाढेल, पण शटर निम्म्याहून खाली येईल, तेव्हा ते उभ्या खोकडापुरतंच. लेन्सपुढचं गवत कापू नका, कॅमेरा वीतभर पुढे सरकवा.