लेड शीटपेक्षा चौकोन महत्त्वाचा
एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एक्स-रे काढताना किरणांपासून बचाव म्हणून बाळावर लेड शीट (शिशाची चादर) ठेवायचा आग्रह धराच, असं म्हणतात; ते मत तितकंसं पटलं नाही. पोट-कंबरेच्या एक्स-रेत जननेंद्रियांवर सरसकट शिसं ठेवू नका, असं अमेरिकेच्या एनसीआरपीने (किरणोत्सर्गापासून संरक्षणाबाबतच्या परिषदेने) 2021 सालीच सांगितलंय. शीट सरकते, हवा तोच भाग झाकते आणि पुन्हा एक्स-रे काढायची वेळ येते.

किरणांची खरी बचत कोलिमेशनमध्ये, म्हणजे झोत हव्या तेवढ्याच भागावर आवळण्यात. मागितलेली असते फक्त छाती, पण फिल्ममध्ये हनुवटी, दोन्ही कोपरं, सगळं पोट, वर बाळाला धरणाऱ्या सिस्टरची बोटं! किरण कुठे पडणार हे दाखवणारा मशीनच्या दिव्याचा चौकोन छातीपुरता आवळायचा, ईसीजीच्या तारा आधीच बाजूला घ्यायच्या. एवढ्याला ना पैसे लागतात ना वेळ. आणि नाळेतून घातलेल्या लाइनचं (बारीक नळीचं) टोक कुठवर गेलंय, हे एक्स-रेशिवाय सोनोग्राफीतही दिसतं, अर्थात बघणारा सरावलेला हवा.