तिकीट नसलेली जागा वंडरलासारखी स्वच्छ राहील का?

शहापूरकर:
बंगळूरच्या वंडरला या करमणुकीच्या पार्कला जाऊन आलेला प्रत्येक जण आधी तिथल्या स्वच्छतेचं कौतुक करतो आणि मग म्हणतो, 'आपलीच माणसं घाणेरडी.' मला हे अजिबात पटत नाही. तिथे जाणारीही आपलीच माणसं की! फरक सोयीचा आहे. डिस्नेच्या पार्कात साधारण 30 फुटांवर कचरापेटी असते आणि च्युइंगम तर तिथे विकतच नाहीत. पावसाळ्यात गोकाक धबधब्याला भाजलेलं कणीस खाऊन झालं की उरलेलं हातात धरून माणूस झुलत्या पुलापर्यंत जातो. पेटी दिसली नाही की कठड्यावरून खाली.

निपाणीवाला:
तिकीट विसरलात. वंडरलात बाहेरचं खाणं नेऊच देत नाहीत. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला लाखो लोक येतात, तिथेच चुली मांडून नैवेद्य करतात. कुणाकुणाच्या पिशव्या तपासणार? दंडाशिवाय काही होत नाही बघा.

खानापूरची लेक:
दंडाचं नंतर, आधी संडास द्या. 1955 मध्ये डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा प्लंबरांचा संप होता. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि संडास, दोन्ही वेळेत होईनात. वॉल्ट डिस्ने यांनी संडास आधी करून घेतले. उन्हात पाण्यावाचून लोक चिडले, तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता. जत्रेला निघायचं म्हटलं की आम्ही बायका सकाळपासून पाणी पीत नाही. त्यात सोबत म्हातारी सासू असली तर विचारूच नका.

निपाणीवाला:
ताई, हे शंभर टक्के मान्य. पण बांधलेल्या संडासांना कुलूप लागतं, त्याचं काय? पाणी कोण भरणार, धुणार कोण?

शहापूरकर:
तेच म्हणतोय. डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम पार्कात कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून हवेने ओढून नेतात. तेवढा खर्च आपल्याला झेपायचा नाही, आणि त्याची गरजही नाही. पण पार्क बंद झाल्यावर रात्री रस्ते धुतात ती पगारी माणसंच. आपल्याकडे झाडू येतो जत्रा उठल्यावर. जत्रा भरलेली असतानाच पेट्या रिकाम्या करणारी, संडास धुणारी माणसं नेमा. पार्किंगचे पैसे घेतातच की, त्यातून द्या पगार.

निपाणीवाला:
पार्किंगचा ठेका देतात तिथे सफाईची अट करारातच घाला, मग मी तुमच्या बाजूने. पण नुसत्या पेट्या वाढवून भागेल, हे मला अजून पटलेलं नाही.