फाइल मॅनेजरच्या मेनूत हात घालणं हा पोरखेळ आहे का? (काळी_खिडकी यांना उत्तर)

उजवी_क्लिक

काल 'काळी_खिडकी' यांनी लिहिलं, "फाइल मॅनेजर सजवत बसणारे लिनक्स वापरत नाहीत, त्याला पावडर लावतात. नॉटिलस येतो तसा वापरा, बाकी सगळ्याला टर्मिनल आहे." त्यावर अंगठेही भरपूर पडले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (नॉटिलस, नेमो, डॉल्फिन, थुनार हे सगळे लिनक्सवरचे फाइल मॅनेजर; टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी.)

पावडर लावणं वेगळं आणि मेनूत काम बसवणं वेगळं. आयकॉन थीम, पारदर्शक साइडबार, फोल्डरांचे रंग यांचं काय करायचं ते करा, मला त्यात रस नाही. पण सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनच्या मशीनवर जो बसतो, त्याला टर्मिनल शिकवायला निघालात तर मालक दोघांनाही बाहेर काढेल. त्याचं काम एवढंच की पार्टीकडून आलेली बीएमपी चित्रफाइल लूमवर (मागावर) जाण्याआधी रुंदी, ओळी आणि रंग तपासायचे. जेकार्डला (मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राला) आडवा एक पिक्सेल म्हणजे धागे उचलणारा एक हूक, एक ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा आणि प्रत्येक रंगावर एकेक वीण बांधलेली. १३४४ हुकांवर १३५० रुंदीची फाइल बसत नाही. सहा रंगांच्या डिझाइनमध्ये मधल्या छटा घुसल्या तर त्या छटांना वीणच नसते.

नेमोत हे असं होतं. होममधल्या डॉट-लोकल फोल्डरात शेअर, त्यात नेमो, त्यात ॲक्शन्स. तिथं 'नेमो_ॲक्शन' एक्स्टेंशनची एक मजकूर फाइल. पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'नेमो ॲक्शन', खाली नेम, एक्झेक, सिलेक्शन, एक्स्टेंशन्स. एक्झेकमध्ये स्क्रिप्टचं नाव टोकदार कंसात दिलं की नेमो ती त्याच फोल्डरात शोधतो. एक्स्टेंशन्समध्ये बीएमपी आणि पुढं अर्धविराम. स्क्रिप्टमध्ये इमेजमॅजिकचं आयडेंटिफाय रुंदी, उंची आणि वेगळे रंग किती ते काढतं आणि झेनिटी ते एका खिडकीत दाखवतं. उजवी क्लिक, एक ओळ वाचली, संपलं.

लोक दोन ठिकाणी अडकतात. सिलेक्शनला नुसता 'एस' दिला की एकच फाइल निवडलेली असताना ॲक्शन दिसते. पाच निवडल्या की गायब, आणि मग 'नेमो बिघडला' म्हणून ओरड. तिथं 'नॉटनन' हवं. दुसरं म्हणजे स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून आणली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर येतं आणि पहिल्याच ओळीत 'बॅड इंटरप्रीटर'. एक्झिक्यूटची परवानगी द्यायची विसरतात ते तर नेहमीचंच.

काळी_खिडकी

वाचलं. लेख छान आहे, पुढचं अपग्रेड येईपर्यंत.

इतिहास बघा. नॉटिलस ३.६ मध्ये, २०१२ साली, एफ-३ ने उघडणारं दुसरं पान काढून टाकलं, कॉम्पॅक्ट व्ह्यू काढला. लिनक्स मिंटवाले चिडले आणि त्यांनी ३.४ वरून नेमो वेगळा केला. २०२२ मध्ये नॉटिलस ४३ जीटीके-४ वर (खिडक्या-बटणं काढायच्या नव्या लायब्ररीवर) गेला आणि जुनी सगळी पायथन एक्स्टेंशनं (नॉटिलसला जोडायचे छोटे प्रोग्राम) एका झटक्यात मेली. मेनूच्या फंक्शनला आधी विंडो आणि फाइली असे दोन आर्ग्युमेंट जायचे, आता फक्त फाइली. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर जाणाऱ्याला हा प्रसाद मिळालाच. डॉल्फिनमध्ये केडीई ६ आल्यावर सर्व्हिस मेनूचा (उजव्या क्लिकवरच्या आपल्या कामांचा) जुना फोल्डर चालेनासा झाला, आणि वर फाइलला एक्झिक्यूट परवानगी नसेल तर तो मेनू चालूच देत नाही.

शेलमधला फॉर लूप (प्रत्येक फाइलवर तेच काम करणारी टर्मिनलची आज्ञा) यातल्या एकाही वेळी मोडला नाही. तुम्ही ज्याला सोय म्हणता ती दर दोन वर्षांनी कुणाला तरी रात्री बसून दुरुस्त करावी लागते. तो 'कुणीतरी' कारखान्यात नसतो.

थुनारवाला

दोघंही श्रीमंताघरचे दिसता. ४ जीबी रॅमच्या मशीनवर थुनार टाका आणि गप्प बसा. एडिट मेनूत 'कस्टम ॲक्शन्स', फॉर्म भरा, झालं. सगळं होमच्या डॉट-कॉन्फिग, थुनार, यूसीए नावाच्या एका एक्सएमएल फाइलीत राहतं. दुसऱ्या मशीनवर तीच कॉपी करा.

एकच खोच आहे. नवीन ॲक्शन बनवताना 'अपिअरन्स कंडिशन्स'च्या टॅबमध्ये फक्त 'टेक्स्ट फाइल्स'ला टिक असते. तिथं कुणी बघत नाही. मग चित्रावर उजवी क्लिक केली की ॲक्शन दिसत नाही आणि थुनारला शिव्या. 'इमेज फाइल्स'ला टिक द्या. आणि दोन पानांसाठी नेमोकडं पळायची गरज राहिलेली नाही, ४.१८ पासून थुनारमध्येही एफ-३ आहे.

शॉर्टकट बदलायचे तर ॲक्सेल्सच्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असतो, तो काढल्याशिवाय ती ओळ लागू होत नाही. आणि थुनार पूर्ण बंद करून मगच फाइल बदला, नाहीतर बंद होताना तो आपलीच जुनी लिहून टाकतो.

उजवी_क्लिक

@काळी_खिडकी, मोडलं काय? एक्स्टेंशनं. नॉटिलसचा 'स्क्रिप्ट्स' फोल्डर ४३ मध्येही तसाच चालला. तुमचाच फॉर लूप त्या फोल्डरात ठेवला की तो उजव्या क्लिकवर येतो. मग भांडण कशाचं? नाचता येईना अंगण वाकडं.

रंगसंगती

उजवी_क्लिक, तुमचा फॉर लूप कुठला ते आधी सांगा. अर्ध्या लोकांच्या स्क्रिप्टमध्ये फाइलच्या व्हेरिएबलला दुहेरी अवतरण नसतं. 'चादर नवीन मोर.बीएमपी' अशी फाइल असली की शेल त्याच्या तीन फाइली करतं आणि तीनही सापडत नाहीत. निवडलेल्या फाइलींची यादी एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून घेत असाल तर ती ओळीगणिक तोडा, शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर नाही. सरळ रस्ता म्हणजे डॉलर-ॲट (स्क्रिप्टला दिलेल्या सगळ्या फाइली) दुहेरी अवतरणात.

आणखी एक. डिझाइनचा आकार बदलायची ॲक्शन बनवणारे 'रीसाइझ' लिहितात. रीसाइझ कडा मऊ करतं, म्हणजे लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी छटा आल्या, म्हणजे लूम अडला. तिथं 'सॅम्पल' वापरा, ते नवा रंग बनवत नाही.

काळी_खिडकी

खरा प्रश्न बाहेर आला. फाइलींची नावं मराठीत आणि त्यात जागा सोडून ठेवायचीच कशाला? इंग्रजी लहान अक्षरं, अंक, आडवी रेघ. निम्मे त्रास तिथंच संपतात.

पूर्वभाग_प्रिंटर

वो खिडकी मालक, उचलली जीभ लावली टाळ्याला. अशोक चौकाच्या पलीकडं या. निम्म्या पार्ट्यांची नावं तेलुगूत, काही कन्नडमध्ये, बिलं मराठीत. इंग्रजीत लिहायचं म्हणता, तर 'सिद्धेश्वर' इंग्रजीत एक जण डबल-यू लावून लिहितो, एक जण व्ही लावून, एक जण एच खातो. शोधायला गेलं की तीन फोल्डर. देवनागरीत एकच.

रंगसंगती

देवनागरीत एकच असतं तर किती बरं झालं असतं.

'ॲडव्हान्स' मधला ॲ दोन प्रकारे साठवला जातो: एक स्वतंत्र अक्षर, दुसरा अ वर चंद्र देऊन. डोळ्याला तंतोतंत सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडच्या नियमातही ते समान मानलेले नाहीत. 'दुसऱ्या' मधला ऱ तर तीन तऱ्हांचा: तयार ऱ, र खाली नुक्ता, आणि र हलन्त पुढं न दिसणारा जोडक. पहिले दोन एकमेकांत बदलता येतात, तिसरा नाही. एका कीबोर्डवरून नाव लिहिलं आणि दुसऱ्यावरून शोधलं की 'काही सापडलं नाही'. एकाच फोल्डरात दिसायला एकाच नावाच्या दोन फाइलीही राहू शकतात, लिनक्सच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टमला त्याचं काही वाटत नाही.

आणि मराठी अंक लावून क्रम लावणारे! नेमोचा नैसर्गिक क्रम फक्त इंग्रजी अंक ओळखतो. 'भाग १०' हा 'भाग २' च्या आधी येणार. नावात तारीख घालायची तर वर्ष-महिना-दिवस, इंग्रजी अंकांत, सुरुवातीला. बाकी नाव खुशाल मराठीत ठेवा.

शेंगाचटणी

मूळ विषय फाइल मॅनेजर होता ना? आता व्याकरणाचा तास चाललाय. असो, बसलोच आहे तर माझंही ऐका: पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी करताना 'फाइल नेम टू लाँग' येतं. नाव एका ओळीत मावतंय की वो! विंडोजवर हीच फाइल मुकाट कॉपी होते.

रंगसंगती

अण्णा, मर्यादा अक्षरांची नाही, बाइटांची आहे. एक्स्ट-४ वर नावाला २५५ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, आणि चिन्ह म्हणजे मात्रा, वेलांटी, हलन्तसुद्धा. 'सिद्धेश्वर' डोळ्याला चार अक्षरं, मोजली तर १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. एकूण ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. तेलुगू-कन्नडलाही हाच हिशोब. विंडोजचं एनटीएफएस बाइट मोजत नाही, १६ बिटांची २५५ एककं मोजतं, त्यात देवनागरीचं चिन्ह एकाच एककात बसतं. म्हणून विंडोजवर पार्टी, क्वालिटी, रंग, साइज, तारीख असं सगळं ठासून भरलेलं नाव चालतं, पेनड्राइव्हवर दिसतंही, आणि होममध्ये टाकताना अडतं.

मिंट टाकताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करायची टिक दिली असेल तर आणखी वाईट. तिथं ईक्रिप्टएफएसमुळं मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे मराठीत ४७ चिन्हं.

मोजायचं तर प्रिंटएफने नाव पाठवून डब्ल्यूसी उणे सी. उणे एम दिलं तर चिन्हं मोजेल, ते इथं कामाचं नाही.

काळी_खिडकी

म्हणजे मी जे दोन ओळींत म्हणालो ते सिद्ध करायला एवढं लिहिलंत. धन्यवाद.

पूर्वभाग_प्रिंटर

त्यांनी सिद्ध केलं की नाव आखूड ठेवा आणि तारीख इंग्रजी अंकांत लावा. तुम्ही म्हणालात मराठी सोडा. यात फरक कळत नसेल तर राहू दे. आपला तो बाब्या!

थुनारवाला

भांडा निवांत. तोवर ॲ चा इलाज सांगतो. थुनारमध्ये फोल्डरातल्या सगळ्या फाइली निवडून एफ-२ दाबा, बल्क रिनेम उघडतं. 'सर्च अँड रिप्लेस' घ्या. शोधायच्या चौकटीत जुना चंद्रवाला ॲ फाइलच्या नावातूनच कॉपी करून टाका, हातानं टाइप करू नका, कारण तुमचा कीबोर्ड कुठला ॲ देतो ते तुम्हाला दिसणार नाही. बदलायच्या चौकटीत नवा. खाली आधी आणि नंतर दोन्ही नावं दिसतात. ऱ मधला न दिसणारा जोडकही असाच जातो, फक्त कॉपी करताना ऱ सोबत पुढचं अक्षर अख्खं घ्या. आता कुणीतरी म्हणा की थुनार जुनाट आहे.

शेंगाचटणी

थुनार जुनाटच आहे, पण एफ-२ चाललं. आता दुसरं. मिंट मराठीत केलं तर डाउनलोड्स, पिक्चर्स सगळ्या फोल्डरांची नावं मराठी झाली आणि मेनूतल्या ॲक्शन मेल्या. हे पण मीच केलं का?

उजवी_क्लिक

भाषा बदलून लॉगिन केल्यावर 'फोल्डरांची नावं बदलू का' असं विचारलं जातं, तिथं 'हो' दिलं की असं होतं. पण चूक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची. फोल्डरचा पत्ता ठोकून लिहायचा नसतो, एक्सडीजी-यूझर-डिर ही कमांड विचारून घ्यायचा. नावं परत इंग्रजी करायची तर एलसी_ऑल ला सी देऊन एक्सडीजी-यूझर-डिर्स-अपडेट, पुढं फोर्स. ही कमांड जुन्या फोल्डरातल्या फाइली हलवत नाही, त्या हातानं हलवा.

मेनू मराठीत हवा असेल तर त्यासाठी फोल्डर मराठी करावे लागत नाहीत. नेमो ॲक्शनमध्ये नेमच्या ओळीखाली आणखी एक नेम, त्याला लागून चौकटी कंसात 'एमआर', आणि पुढं 'हूक आणि रंग तपासा'. ऑपरेटरला तेच दिसेल.

आणि थंबनेल दिसत नाही म्हणून थीम बदलत बसणाऱ्यांसाठी: होमच्या डॉट-कॅशमध्ये थंबनेल्सच्या फोल्डरात 'फेल' नावाचा फोल्डर असतो. एकदा थंबनेल फसलं की त्याची नोंद तिथं पडते आणि फाइल बदलेपर्यंत पुन्हा प्रयत्न होत नाही. हवं ते पॅकेज नंतर टाकलंत तरीही नाही. तेवढा एक फोल्डर उडवा, नेमो बंद करून उघडा.

काळी_खिडकी

बरं. स्क्रिप्ट ठेवा, मेनूत लावा, ऑपरेटरला मराठीत दाखवा. माझी हरकत एक्स्टेंशनांना होती असं समजा आणि मिटवा.

पण थुनारवाले, बल्क रिनेम एका वेळी एकाच फोल्डरात उपयोगी. पार्ट्यांचे शेकडो फोल्डर असतील तर ऱ चे पहिले दोन प्रकार एक करायला कनव्हएमव्ही ही कमांड वापरा: दोन्हीकडं यूटीएफ-८, एनएफसी (युनिकोडचं जोडलेलं रूप), आणि आर लावून आतले फोल्डर. टर्मिनलमध्ये, हो. आधी ते नुसतं दाखवतं की काय बदलेल. 'नोटेस्ट' लिहिल्याशिवाय एकही नाव बदलत नाही. तेव्हा 'चालवलं पण काहीच झालं नाही' म्हणत परत इथं येऊ नका. आणि ॲ त्यानं दुरुस्त होत नाही, त्याला तुमचा तो एफ-२ च लागणार.

थुनारवाला

'तुमचा तो एफ-२'. एवढं पुरे झालं.